पहिल्या भेटीपूर्वी मुलांना खरे सांगा

वाशीम : मूल गप्प राहू लागते, रात्र जागून काढते, अभ्यासातून मन उडते. पालक मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याचे ठरवतात. मात्र मुलाला ‘तपासणी आहे’ एवढेच सांगून नेले जाते. ही लपवाछपवी दारावरची पाटी वाचताच उघडी पडते आणि मूल बोलेनासे होते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे ही सेवा जिल्हा पातळीवर आली आहे. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा वा मानोऱ्याहून वाशीमला येताना एसटीत ओळखीचे भेटतात. म्हणून हे बोलणे आदल्या दिवशी घरीच व्हावे. ‘तू वेडा नाहीस, तुझा त्रास कमी व्हावा म्हणून जात आहोत,’ असे स्पष्ट सांगावे.

झोप, भूक, शाळेतील बदल, त्रास केव्हापासून आहे, सुरू असलेली औषधे यांची टिपणे सोबत न्यावीत. काय सांगायचे, हे मुलालाही लिहू द्यावे. डॉक्टरांनी मुलाशी एकट्याने बोलण्याची इच्छा दर्शविल्यास पालकांनी बाहेर थांबावे व नंतर उलटतपासणी करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असल्यास मात्र माहिती सांगता येते. पहिल्याच भेटीत निदान होईल, अशी अपेक्षा नसावी.

मूल मरणाची भाषा बोलत असल्यास ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. त्याला एकटे न सोडता तत्काळ रुग्णालय गाठावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.