अर्धा पौंड कलेजी

रोगाचें नांव समजल्यानें मनुष्यास धीर येतो कीं त्याचा धीर खचतो, हें त्या नांवामागें कांहीं उपाय उभा आहे कीं नाहीं यावर पुष्कळसें अवलंबून असतें. ‘पर्निशस अॅनिमिया’, म्हणजे घातक पांडुरोग, हें नांव १९२६ च्या पूर्वीं ज्यांच्या कानीं पडलें त्यांच्यापुढें उपाय असा नव्हताच. लंडनच्या गाईज् रुग्णालयांतील टॉमस अॅडिसन यानें या रोगाचें वर्णन १८५५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलें, आणि त्यानंतर सत्तर वर्षें वैद्यांच्या हातीं वर्णनापलीकडे फारसें कांहीं आलें नाहीं. रोगी लिंबाप्रमाणें पिवळट पडे, जीभ सोलवटल्यासारखी लाल होई, पायांना मुंग्या येत, पुढें चालतांना तोल जाई. मध्येंच कांहीं महिने प्रकृति सुधारे. घरची माणसें देवाचे आभार मानीत, आणि रोग पुन्हां उलटे. आशा दाखवून ती काढून घेण्याचा हा खेळ बहुधा दोन-तीन वर्षें चाले व मग संपे.

बोस्टनचे डॉ. जॉर्ज मायनॉट हे या रोगाचा पिच्छा पुरविणारे गृहस्थ. १९२१ च्या शरदृतूंत, वयाची चाळिशीहि गांठलेली नसतांना, त्यांना स्वतःलाच मधुमेह असल्याचें आढळून आलें. इन्शुलिन त्या वेळीं मिळत नव्हतें. अन्न जवळजवळ तोडणें एवढाच इलाज. त्यानें मरण लांबे, टळत नसे. उंचापुऱ्या मायनॉट यांचा देह झिजत चालला, तरी प्रत्येक घांस तोलून घेण्याचा नेम त्यांनीं मोडला नाहीं. १९२३ च्या जानेवारींत इन्शुलिन त्यांना मिळूं लागलें आणि ते वांचले. आयुष्यभराच्या रोगाची वार्ता ऐकणें म्हणजे काय, हें या वैद्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें.

रोगी काय खातो याची खोदून चौकशी करण्याची त्यांना पूर्वींपासूनच संवय होती. तिकडे रॉचेस्टर येथें डॉ. जॉर्ज व्हिपल हे कुत्र्यांचें रक्त काढून त्यांना निरनिराळें अन्न देऊन पाहत, आणि कलेजीनें रक्त झपाट्यानें भरून येतें असें त्यांना दिसलें होतें. वस्तुतः त्या कुत्र्यांना उणीव होती ती लोहाची. त्यांचा विकार निराळा, माणसांचा निराळा. चुकीच्या वाटेनें योग्य घरीं पोंचल्याचें याहून नामी उदाहरण वैद्यकांत क्वचितच सांपडेल. मायनॉट यांनीं आपले तरुण सहकारी डॉ. विल्यम मर्फी यांच्यासह रोग्यांना रोज पाव ते अर्धा पौंड कलेजी चारण्यास आरंभ केला.

ऐकावयास हें सोपें वाटतें. पण ज्याची अन्नावरची वासनाच उडालेली आहे, ज्याची जीभ मिठाच्या कणानेंहि हुळहुळते, अशा माणसानें तोच पदार्थ रोज, प्रवासांत आणि सणावारींहि, मरेपर्यंत खावयाचा होता. कोणी ती कच्चीच वाटून फळांच्या रसांत कालवून गिळीत. आठवडा-दहा दिवसांत रक्तांत कोवळ्या तांबड्या पेशींची भरती येई. ती सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतां येई. रोग्याला कळे तें एवढेंच कीं भूक परत आली आहे. १९२६ च्या मे महिन्यांत अटलांटिक सिटी येथें या दोघांनीं ४५ रोग्यांचा वृत्तांत वाचला. ते सर्व सुधारले होते. मात्र ज्यानें कलेजी सोडली त्याला रोगानें पुन्हां गांठलें. १९३४ सालीं व्हिपल, मायनॉट व मर्फी यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

असें कां होतें, याचा उलगडा डॉ. विल्यम कॅसल यांनीं केला. निरोगी माणसानें खाल्लेलें मांस तासाभरानें त्याच्या पोटांतून काढून त्यांनीं रोग्यांना दिलें, आणि त्यांचें रक्त वाढलें. नुसत्या मांसानें तें वाढत नव्हतें. रोग्याच्या जठरांत एक द्रव्य स्रवत नाहीं, म्हणून अन्नांतला गुण अंगीं लागत नाहीं, हें त्यावरून ठरलें. दोष ताटाचा नव्हता.

या कथेचा एक धागा मुंबईंतहि येतो. १९२८ सालीं डॉ. ल्यूसी विल्स येथें आल्या आणि गिरण्यांत राबणाऱ्या गरीब गर्भवतींच्या पांडुरोगाचा अभ्यास करूं लागल्या. रक्ताचें रूप घातक पांडुरोगासारखेंच, पण या स्त्रियांचें ताटच रिकामें होतें. ‘मार्माइट’ या यीस्टच्या स्वस्त अर्कानें त्या बऱ्या होतात असें विल्सबाईंनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांतलें द्रव्य म्हणजे पुढें ओळखलें गेलेलें फॉलिक अॅसिड.

कलेजींतला गुण म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. त्याचे तांबडे स्फटिक १९४८ सालीं अमेरिकेंत व इंग्लंडांत जवळजवळ एकाच वेळीं हातीं आले. त्यांची मात्रा ग्रॅमच्या लाखांशानें मोजण्याइतकी अल्प. ती सुईनें दिली म्हणजे जठराची अडचणच उरत नाहीं. रोज अर्धा पौंड गिळणाऱ्यांची ताटें त्यानंतर मोकळीं झालीं. मायनॉट १९५० सालीं वारले; तोंपर्यंत त्यांची स्वतःची इन्शुलिनची सुई सत्तावीस वर्षें चालू होती.