जाळी, विहीर आणि शॉमबर्गचे डास

दरवर्षी मे महिन्यात शॉमबर्गमध्ये आमच्याकडे एक कार्यक्रम असतो. पोर्चच्या आणि खिडक्यांच्या जाळ्या काढायच्या, गवतावर आडव्या ठेवायच्या आणि धुवायच्या. यंदा धाकटी मदतीला होती, म्हणजे अर्धं पाणी तिच्याच अंगावर. मध्येच तिने विचारलं, "बाबा, आजीच्या मुंबईच्या घरात खिडक्यांना जाळ्या का नाहीत? तिथे तर जास्त डास आहेत ना?"

मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. रात्री आईला फोन लावला तर ती म्हणाली, "खिडकीला नव्हती रे, पण वाडीतल्या विहिरीला होती की! झाकण होतं, त्यात जाळीचं दार. त्यावर पाय ठेवलास तर आजोबा ओरडायचे." चाळीस वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मग झोप कसली येते! वाचत बसलो. मुलांना सांगण्यासारखं बरंच सापडलं, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी इथलं. आज आपण ज्याला सबर्ब म्हणतो ते सगळं इलिनॉय एकेकाळी हिवतापाचं राज्य होतं. पाणथळ कुरणं, साचलेलं पाणी, आणि दर उन्हाळ्याअखेरीला थंडी वाजून ताप. इंग्रजीत त्याला 'एग्यू' म्हणत. लिंकनचं कुटुंब 1830 मध्ये इलिनॉयला आलं आणि त्याच शरद ऋतूत घरातली माणसं या तापाने आडवी झाली. शॉमबर्गला नाव देणारे जर्मन शेतकरी आले तेव्हाही जमीन दलदलीचीच होती. हळूहळू जमिनीखाली मातीच्या नळ्या घालून पाण्याचा निचरा केला गेला, शेती वाढली, घरं पक्की झाली आणि मलेरिया गेला. कुणी मोहीम काढून हाकलला असं नाही, बराचसा निचऱ्यानेच गेला.

खिडकीची जाळी आली तीही आरोग्यासाठी नव्हे. कनेक्टिकटमधली गिल्बर्ट अँड बेनेट नावाची कंपनी चाळण्या बनवायची. 1861 मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेतलं गिऱ्हाईक तुटलं आणि तारेच्या जाळीचे गठ्ठे पडून राहिले. कुणीतरी ती रंगवून खिडक्यांना लावायला विकली. म्हणजे आपल्या पोर्चची जाळी ही मूळची पिठाच्या चाळणीची बहीण! लोकांनी घेतली ती माश्यांच्या त्रासाने. डास ताप आणतो हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं.

ते कळलं आपल्याकडे. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. पण लोकांचा विश्वास बसेना. मग 1900 च्या उन्हाळ्यात लो आणि साम्बोन हे दोन डॉक्टर रोमजवळच्या दलदलीत जाळी लावलेल्या लाकडी खोपट्यात जाऊन राहिले. दिवसा बाहेर हिंडायचे, पण सूर्य मावळायच्या आत जाळीच्या आत. आजूबाजूचे लोक तापाने फणफणत होते, या दोघांना काही झालं नाही. औषध नाही, लस नाही, फक्त जाळी. माझ्या मते विज्ञानातल्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात धाडसी प्रयोगांपैकी हा एक.

आता मुंबई. 1892 ला तानसाचं पाणी नळाने आलं, तरी गिरगाव-फोर्टातल्या वाड्यावाड्यांत विहिरी होत्याच. मलेरिया वाढला तेव्हा डॉ. बेंटली यांना तपासाला नेमलं. 1911 च्या अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिलं की शहरात मलेरिया पसरवणारा डास, ॲनॉफिलीस स्टिफेन्साय, नाल्यात किंवा गटारात नव्हे, तर या स्वच्छ पाण्याच्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो. उपाय सरळ होता: विहिरी बुजवा, नाहीतर डास शिरणार नाही अशा घट्ट बंद करा.

इथे खरी अडचण आली. विहीर म्हणजे नुसतं पाणी नव्हतं. हिंदूंच्या घरी विहिरीची पूजा, पारशांच्या घरी पाण्यापाशी दिवा. चर्चगेटजवळची भिका बेहरामची विहीर 1725 पासूनची, आजही तिथे प्रार्थना होते. लोकांनी महापालिकेला अर्ज केले. पाण्याला ऊन लागलं पाहिजे, धर्मकार्याला विहिरीचंच पाणी हवं, निदान जाळीचं दार तरी ठेवू द्या. त्या वेळी पालिकेत काम करणारे रुस्तम मसानी या अर्जांमुळे इतके गुंतले, की त्यांनी जगभरच्या विहिरींच्या श्रद्धांवर 'फोकलोर ऑफ वेल्स' नावाचं पुस्तकच लिहिलं, 1918 मध्ये.

मला अर्जदारांना मागासलेले म्हणवत नाही, आणि बेंटलींना उद्धटही म्हणवत नाही. पोरं तापाने जात होती हे खरं, आणि आजीच्या हातचा दिवा विहिरीच्या काठावर लागत होता हेही खरं. आईच्या आठवणीतलं ते जाळीचं दार म्हणजे दोघांनी मिळून काढलेली वाट: ऊन आत जाईल, डास जाणार नाही.

पण जाळी लावली की काम संपत नाही, आणि समुद्राकाठी तर नाहीच. खाऱ्या दमट हवेत लोखंडी तार लवकर गंजते, एक भोक पडलं की सगळी जाळी फुकट. 1904 नंतर अमेरिकनांनी पनामा कालवा खणताना घरांना तांब्याची जाळी वापरली ती याच कारणाने. आज फ्लोरिडात लोक अख्खा स्विमिंग पूल जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतात. ॲल्युमिनियमची चौकट, फायबरग्लासची जाळी, इंचाला 18 बाय 14 भोकं. माझी मावसबहीण टँपाला असते. तिच्या पिंजऱ्यावर दोन वर्षांत हिरवं शेवाळ आणि काळी बुरशी. तिने प्रेशर वॉशर मारला आणि जाळीच फाटली. अशा जाळीला मऊ ब्रश, भांड्याच्या साबणाचं सौम्य पाणी आणि बागेच्या पाइपची साधी धार पुरते. वरून खाली धुवायचं, साबण वाळू द्यायचा नाही. आणि आधी स्क्रू बघायचे, कारण खाऱ्या हवेत ॲल्युमिनियममधला साधा स्टीलचा स्क्रू जाळीच्या कितीतरी आधी जातो. कडेची रबरी दोरी कडक झाली असेल तर तीही बदलायची.

आपल्याकडे शॉमबर्गला मीठ नाही, पण जूनमध्ये कॉटनवुडचा कापूस उडून जाळी गच्च होते, हे नव्याने आलेल्यांना सांगून ठेवतो. आणि डास इथेही निरुपद्रवी नाहीत. 2002 मध्ये वेस्ट नाईल तापाचे देशात सर्वाधिक रुग्ण इलिनॉयमध्ये होते, आठशेच्या वर, साठाहून जास्त माणसं गेली. हा क्यूलेक्स डास, याला घाण साचलेलं पाणी आवडतं: रस्त्याकडेची गटारं, तुंबलेले गटर, अंगणात विसरलेली बादली.

बेंटलींचा स्टिफेन्साय मात्र मुंबईत अजून आहे. म्हणून तर गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण नसलं की पालिकेची नोटीस येते. 2012 मध्ये तो आफ्रिकेत जिबूतीला सापडला आणि आता तिथली शहरं तीच लढाई लढतायत, विहिरींऐवजी टाक्यांवर.

धाकटीला हे सगळं झोपताना सांगितलं. अर्ध्यात तिने विचारलं, "मग आजीची विहीर अजून आहे?"

आईला परत फोन लावला. विहीर बुजवली, वर पार्किंग झालंय. जाळीचं दार कुठे गेलं ते तिला आठवत नाही, पण दिवाळीत त्या जागेवर शेजारच्या काकू अजून एक पणती लावतात, गाड्यांच्या मधे.