हौशी विश्वविजेता : विल्सन जोन्स

बिदर-कलबुर्गीकडच्या जत्रांत कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हा आरंभ पोरांच्या रेवडीच्या कुस्त्यांनी होतो. मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या आणि अखेरीस चांदीच्या कड्याची कुस्ती लागते. आम्ही ज्याला तालीम म्हणतो त्याला शेजारचा कन्नडभाषक गरडीमने म्हणतो. परंतु मल्लाने इनाम घेतले म्हणून त्याची कुस्ती हिणकस झाली, असे दोन्ही भाषांत कोणी म्हणत नाही. खेळ आणि पैसा यांत सोवळेओवळे पाळण्याची रीत साहेबाने आपल्या क्लबांतून आणली. रंगभूमीच्या संदर्भात आपल्या परिचयाची असलेली ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ ही जोडी मग खेळांच्याही वाट्याला आली. त्यातल्या दुसऱ्या शब्दाला मराठीत किंचित तुच्छतेचा वास आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

या जोडीचा काच सोसूनही जगज्जेता ठरलेला खेळाडू म्हणून आम्हांस विल्सन जोन्स यांची कारकीर्द अभ्यसनीय वाटते. त्यांचा जन्म २ मे १९२२ रोजी पुण्यात झाला. त्यांचा खेळ बिलियर्ड्स. बारा फूट लांब, सहा फूट रुंद असे स्लेटच्या दगडी पाट्यांचे मेज आणि त्यावर तीन चेंडू. असे मेज सामान्य माणसाच्या घरात मावणारे नव्हे आणि परवडणारेही नव्हे. क्लबात त्या मेजाभोवती दोन प्रकारची माणसे असत. एक सभासद, तो हौशी. दुसरा पगारी मार्कर. तो गुण मोजी आणि सभासदाला जोडीदार नसला तर त्याच्याशी खेळेही. काठी पुष्कळदा याच दुसऱ्याच्या हाती अधिक सफाईने चाले, पण बरोबरीने बसण्याचा मान त्याला नव्हता.

जोन्स १९५० साली प्रथम राष्ट्रीय विजेते झाले आणि १९६६ पर्यंत त्यांनी ते पद बारा वेळा मिळविले. १९५२ साली कोलकात्यात भरलेली जागतिक हौशी स्पर्धा इंग्लंडच्या लेस्ली ड्रिफील्डने जिंकली होती. १९५८ मध्ये त्याच शहरात जोन्स यांनी ड्रिफील्डला दुसऱ्या स्थानी ढकलून विजेतेपद घेतले. स्वतंत्र भारताचा वैयक्तिक खेळातील हा पहिला जगज्जेता. १९६२ मध्ये पर्थ येथे बॉब मार्शलपुढे त्यांना उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले. १९६४ मध्ये न्यूझीलंडमधील पुकेकोहे येथे त्यांनी ते पद पुन्हा मिळविले.

मग असा खेळाडू व्यावसायिक का झाला नाही? झाला असता तर खेळला असता कोणाशी, हा प्रतिप्रश्न आम्ही करू. व्यावसायिक जगज्जेतेपद १९५१ साली न्यूझीलंडच्या क्लार्क मॅक्कॉनकीने जिंकले आणि १९६८ पर्यंत, म्हणजे तब्बल सतरा वर्षे, ते आव्हानावाचून त्याच्याकडेच पडून राहिले. जोन्स यांची ऐन उमेद नेमकी याच काळातली.

याउलट अमेरिकेतील टेनपिन बोलिंगकडे पाहावे. दहा खुंट्यांवर चेंडू गडगडत सोडण्याचा हा खेळ गावोगावी, चार पैसे टाकून कोणालाही खेळता येई. जोन्स विश्वविजेते झाले त्याच १९५८ साली अ‍ॅक्रन येथील वकील एडी एलायस यांच्या पुढाकाराने ३३ बोलिंगपटूंनी प्रत्येकी ५० डॉलर काढून आपली व्यावसायिक संघटना उभारली. दूरचित्रवाणीने तिचे सामने घरोघर पोहोचविले. अर्ल अँथनी हा डावखुरा खेळाडू १९६३ मध्ये तिच्या दौऱ्यात उतरला, अपयशी ठरला आणि पुन्हा पोटापाण्याच्या नोकरीकडे वळला. १९७० मध्ये त्याने पहिली स्पर्धा जिंकली आणि १९७५ मध्ये एका वर्षात एक लाख डॉलर मिळविणारा तो पहिला बोलिंगपटू ठरला. हरूनही परत येण्यास त्याला एक बाजार शिल्लक होता. जोन्स यांच्या खेळाचे दार क्लबाच्या आत उघडत होते. तिकीट काढून पाहणारा बाहेर उभा नव्हता.

जोन्स यांना अर्जुन पुरस्कार लाभला, १९६५ मध्ये पद्मश्रीही. ते व्यावसायिक झाले ते राष्ट्रीय स्पर्धा सोडल्यावर, आणि तेही शिकविण्यासाठी. ओम अगरवाल, अशोक शांडिल्य ही त्यांच्या शिष्यांतील नावे. पैकी अगरवाल १९८४ मध्ये डब्लिन येथे स्नूकरचे जागतिक हौशी विजेते झाले. १९९२ मध्ये गीत सेठी यांनी बिलियर्ड्सचे व्यावसायिक जगज्जेतेपद मिळविले, तेव्हा जोन्स सत्तरीला आले होते. १९९६ मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आमच्या मते त्यांच्या मानसन्मानांत हाच सर्वांत नेमका. त्यात हौशी आणि धंदेवाईक असा भेद कोणी विचारला नाही.

ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पुण्यात जन्मलेला आणि आमच्या राज्यात, बेंगळुरूस अरविंद सवूर यांच्या हाताखाली घडलेला अठरा वर्षांचा पंकज अडवाणी चीनमध्ये स्नूकरचा जगज्जेता झाला. तोही हौशी गटात.