जिन्याचें लांकूड

पुण्याच्या वाड्यांसंबंधीं लिहितांना दिवाणखाने, नक्षीचे खांब व कारंजीं यांचें वर्णन सविस्तर येतें. जिना एका ओळींत आटोपतो. वस्तुतः घरांतील सर्वांत अधिक झिजणारें लांकूड तेंच. तें कोणतें व कां निवडीत, एवढाच विचार येथें कर्तव्य आहे.

‘जिना’ हा शब्द फारशी. परंतु वस्तु परकी नव्हे. अमरकोशांत सोपान व निःश्रेणी असे जिन्याचे व शिडीचे पर्याय निरनिराळे दिले आहेत. लांकडाच्या निवडीचे नियम वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत, शय्या व आसनें यांच्या प्रकरणीं, सांपडतात. तेथें शाक म्हणजे साग व शिंशपा हीं प्रशस्त मानिलीं असून वाऱ्यानें उन्मळलेलें, उभें वाळलेलें व वेलींनीं वेढलेलें झाड त्याज्य ठरविलें आहे. हा केवळ शकुनविचार नसावा. उभ्यानें वाळलेल्या झाडास कीड व उन्मळलेल्यास आंतून चीर असण्याचा संभव मोठा. मात्र शिंशपा म्हणजे उत्तरेकडील शिसू. आपला शिसव त्याच्याच जातभाईंतला, पण निराळा वृक्ष होय. दोहोंची गल्लत करूं नये.

अठराव्या शतकाच्या आरंभींच्या आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं आरमारासाठीं साग, शिसव इत्यादि लांकूड परवानगीनें तोडावें, परंतु रयतेच्या आंबा-फणसांस हात लावूं नये, असें सांगितलें आहे. अर्थात् चांगला साग तेव्हांही मोजूनमापून वापरावयाची वस्तु होती.

शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला व वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली. त्याचा साग जुन्नरच्या रानांतला, असें सांगतात. पुढें १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावाचें पाणी दगडचुन्याच्या नळांनीं शहरांत आणिलें. कात्रज दक्षिणेस जवळ. जुन्नर उत्तरेस कित्येक पट दूर. पाणी उतारानें आपण येतें. लांकूड वाहून आणावें लागतें. तरीही लांकडासाठीं दूर गेले, यावरून अंतरापेक्षां गुणाकडे पाहिलें जाई, असें अनुमान आम्हांस योग्य वाटतें. कात्रजच्या डोंगरावरील आजच्या झाडोऱ्यावरून तेव्हांच्या रानाचा निर्णय मात्र करतां येणार नाहीं.

तो गुण कोणता? पायऱ्या ज्यांत बसवितात त्या दोन्ही बाजूंच्या फळ्या लांब व सरळ हव्यात. बाभूळ कठीण, पण वांकडी. आंबा मिळे, पण नरम व किडका. शिसव कठीण, पण जड व महाग. सागाच्या गाभ्यांत तेल असल्यानें वाळवी सहसा लागत नाहीं, आणि पावसाळ्या-उन्हाळ्यांत तो फारसा फुगत-आकसत नाहीं. बाहेरच्या कोवळ्या भागास हे गुण नसतात. म्हणून गाभाच घ्यावयाचा. खालची पायरी दगडी ठेवल्यास जमिनीची ओलही लांकडास लागत नाहीं.

शनिवारवाडा २७ फेब्रुवारी १८२८ रोजीं लागलेल्या आगींत जळाला. त्यांतील लांकडी जिन्यांची साक्ष गेली. उरली ती उभ्या असलेल्या वाड्यांत, आणि ते वाडे आज पाडले जात आहेत. वाडा उतरविण्यापूर्वीं पायरीची रुंदी, चढ, लांकडाची जात व सांधा खुंटीचा कीं खिळ्याचा, एवढें तरी अभ्यासकांनीं टिपून ठेवावें. दप्तरांतील कागद आणखी कांहीं वर्षें थांबतील. जिना थांबणार नाहीं.