जेस्टोर

जेस्टोर : विद्यापीठांच्या ग्रंथालयांमार्फत वाचायला मिळणारा, संशोधनपत्रिकांच्या जुन्या अंकांचा डिजिटल संग्रह. याचा उगम अगदी व्यवहारी अडचणीत आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेनिसन विद्यापीठाच्या ग्रंथालयात पत्रिकांचे बांधीव खंड ठेवायला जागा उरली नव्हती. विश्वस्त मंडळावर विल्यम बोवेन होते. प्रिन्स्टनचे हे माजी अध्यक्ष तेव्हा मेलन फाउंडेशनचे प्रमुख होते. इमारत वाढवण्यापेक्षा जुने अंक एकदाच स्कॅन करावेत आणि ते सगळ्या ग्रंथालयांनी वापरावेत, असा विचार त्यांनी मांडला. मिशिगन विद्यापीठात अर्थशास्त्र व इतिहासाच्या दहा पत्रिकांवर प्रयोग झाला आणि १९९५ मध्ये ना-नफा तत्त्वावर स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

मूळ छापील पान जसेच्या तसे पडद्यावर दिसते, हे जेस्टोरचे सर्वांत मोठे बळ. पृष्ठक्रमांक, तळटीपा, तक्ते जागच्या जागी असल्याने प्रबंधात निःशंक संदर्भ देता येतो. शोध मात्र चालतो तो पानामागे दडलेल्या, यंत्राने ओळखलेल्या मजकुरात. म्हणून शोधणाऱ्याने नावांची जुनी रूपेही टाकून पाहावीत : ‘पुणे’ लिहून जे हाती लागत नाही, ते रोमन लिपीतल्या ‘पूना’ने सापडते.

ताजे अंक सहसा लगेच येत नाहीत. प्रकाशकाची चालू वर्गणी बुडू नये म्हणून बहुतेक पत्रिकांसाठी तीन ते पाच वर्षांचे अंतर राखले जाते आणि दरवर्षी ही सीमा एकेका वर्षाने पुढे सरकते. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे १९६६ पासूनचे अंक येथे आहेत. महाराष्ट्रातील दुष्काळ, सहकार, रोजगार हमी यांवर काम करणाऱ्याला एवढा साठा एका जागी मिळणे ही फार मोलाची सोय आहे.

प्रवेश संस्थेच्या वर्गणीवर ठरतो. विद्यापीठाच्या आवारातील संगणक नेटवर्कच्या पत्त्यावरून ओळखला जातो. घरून वाचायचे तर ग्रंथालयाने दिलेले लॉगिन लागते. भारतात अनेक विद्यापीठांपर्यंत जेस्टोर पोहोचले ते विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या सामूहिक वर्गणीतून. आज गांधीनगरला असलेले हे केंद्र १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत प्रकल्प म्हणून सुरू झाले होते.

पदवी मिळाली की लॉगिन बहुधा बंद होते. स्वतंत्र अभ्यासक, पत्रकार, गावातला शिक्षक तर आधीपासूनच बाहेर. हा या व्यवस्थेतला खरा अन्याय होय. बंद प्रवेशाचा हा प्रश्न जगभर गाजला तो आरन स्वार्ट्झ या अमेरिकन तरुणामुळे. त्याने एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या नेटवर्कवरून जेस्टोरचे लाखो लेख उतरवून घेतले. जेस्टोरने त्याच्याशी तडजोड केली, पण अमेरिकी सरकारने त्याच्यावर भरलेला खटला चालूच राहिला आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याआधी, सप्टेंबर २०११ मध्ये, जेस्टोरने अमेरिकेतील १९२३ पूर्वीचे व इतरत्रचे १८७० पूर्वीचे लेख सर्वांना खुले केले होते. आता मोफत खाते उघडणाऱ्या कोणालाही महिन्याला १०० लेखांपर्यंत पडद्यावर वाचता येतात. ते उतरवून घेण्याची मुभा मात्र त्यात नाही.