गाढीचं पाणी कोरं ठेवा

विचुंब्याच्या पुलापासून नदीकाठाला उतरा. उतरता उतरता नवीन पनवेलच्या इमारती नाहीशा होतील, मागचा पूलही. साल १७९२, कार्तिक महिना. पायाखाली गाढी नदीचा गाळ. पलीकडे कापणी उरकलेली खाचरं आणि भाताच्या उडव्या. मुलूख पेशव्यांचा. मुंबईहून पुण्याला निघालेली माणसं पनवेल बंदरात उतरून बोरघाटाची वाट धरतात. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच वर्षी पुण्याला गेलाय. १७९१-९२मध्ये त्यानं टिपलेली मुंबई परिसराची बारा दृश्यं १८०० साली लंडनला छापली जातील. तो स्वतः १७९५मध्येच वारेल. त्या बारांत गाढी नाही. ती तुम्ही काढायची, तेजाबानं तांबं कोरून छापायची.

तांब्याच्या लख्ख पत्र्यावर मेण-डांबराचा पातळ थर द्या, मेणबत्तीच्या धुरावर तो काळा करा. आता सुई घ्या. समोर पूर्वेला प्रबळगड, त्याच्या डाव्या अंगाला कलावंतिणीचा सुळका, मधे खिंड. छापताना डावं ते उजवं होतं, म्हणून सुळका पत्र्यावर उजवीकडे काढा. नाहीतर विचुंब्यातलं शेंबडं पोरही चित्राला हसेल.

मग पत्रा तेजाबात सोडा. सुईनं मेण जिथं उडवलं, तिथंच तेजाब तांबं खातं. रेघांवर बुडबुडे धरतील, ते पिसानं हलके झाडा. थोड्या वेळानं पत्रा काढून प्रबळच्या रेघा वार्निशनं झाका; लांबचा डोंगर फिकटच हवा. पुन्हा बुडवा, उडव्यांसाठी. तिसऱ्यांदा, काठावरच्या करंजाच्या मुळांसाठी. तेजाबात जितका वेळ जास्त, तितकी रेघ खोल आणि शाई काळी.

मेण पुसा, शाई चोळा, वरची शाई टिपून घ्या. ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून फिरवा. कागद उचललात की बघा, नदीत तुमची सुई जेमतेम टेकली आहे. दोन-चार आडव्या रेघा, बाकी कोरा कागद. काठ नेमके उतरले म्हणून मधलं पाणी वाहतं.

आता आजच्या विचुंब्यात या आणि इथंच नवा पत्रा घ्या. प्रबळची रेघ तीच राहील. इमारती आणि पुलाचे खांब मात्र तेजाबात बराच वेळ मागतील. पाण्यासाठी कोरी जागा किती सोडायची, हे सुई टेकवण्याआधीच ठरवा. तेजाबानं खाल्लेलं तांबं सहजासहजी भरून येत नाही.