कंदीलपुष्प, श्रावण १८९२

पुण्यात कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे. तिथल्या वनस्पतिसंग्रहात तुम्ही उभे आहात. समोरच्या फायलीवर नाव आहे सेरोपेजिया, म्हणजे आपलं कंदीलपुष्प, गावाकडची खर्चुडी. आतल्या कागदावर सुतळीएवढी वेल शिवलेली. चला, मागे जाऊ.

१८९२ चा श्रावण. संगमाजवळचं कॉलेज ऑफ सायन्स, प्राचार्य थिओडोर कुक. त्यांचा ‘फ्लोरा’ हा वनस्पतिग्रंथ लंडनहून निघायला १९०१ उजाडेल, पण त्यासाठी लागणारी झाडं आत्ता भिजत येताहेत. पिशवी घेऊन घाट उतरलेला हा माणूस कोण? भिवा असेल, कानिटकर असतील. जुन्या लेबलांवर ही नावं सापडतात आणि मला ती कुकसाहेबांइतकीच मोठी वाटतात.

फूल हातात घ्या. नळीच्या आतले केस खाली वळलेले आहेत. माशी आत शिरते, पण केस कोमेजेपर्यंत तिला बाहेर येता येत नाही; सुटते तेव्हा सोंडेला परागपुंज चिकटलेला असतो. आता हा कंदील टीपकागदांत ठेवून फळ्यांखाली दाबायचा. पावसाळी हवेत कागद रोज बदलला नाही तर बुरशी धरते. जांभळा रंग तपकिरी होणार, म्हणून तो आत्ताच लिहा. गावही लिहा, कडाही लिहा. नुसतं ‘कोकण’ लिहिलेल्या चिठ्ठीवरून वेल पुन्हा कशी सापडायची? पावसाळा सरला की वेल वाळते, जमिनीत फक्त कंद उरतो.

थेट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या. १९५५ च्या डिसेंबरात इथे सर्वेक्षणाचा पश्चिम विभाग सुरू झालाय. वनस्पतिशास्त्रज्ञ हेमाद्रींनी जुन्नरच्या डोंगरातली सेरोपेजियाची नवी जात नोंदवून तिला वनस्पतिशास्त्रज्ञ रोल्ला शेषगिरी राव यांचं नाव दिलंय. एम. वाय. अन्सारी भारतातल्या सगळ्या सेरोपेजिया तपासताहेत. त्यांची पुस्तिका १९८४ मध्ये येईल. टेबलावर गरम पाण्यात एक सुकं फूल मऊ होतंय. चपटी नळी सुईने अलगद उघडली की तळाशी किरीट, म्हणजे मुकुटासारखा भाग दिसतो. दोन जातींमधला फरक बरेचदा तिथेच कळतो.

निर्णय झाला की कागदावर दुसरी चिठ्ठी लागते: ठरवलेलं नाव, सही, वर्ष. जुनी मात्र कुणी काढत नाही. कडा आणि तो चढलेला माणूस तिच्यावरच लिहिलेले असतात.